डोंगरावरची हाकेची घंटा

मी एक जुनी घंटा आहे. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात ज्या डोंगरावर पूर्वी एक ख्रिस्ती साधू गुहेत राहत असे, तिथल्या दगडी प्रार्थनाघराच्या दाराशी मी टांगलेली आहे. उजाडले की म्हातारे रखवालदार बेनितो दार उघडतात, पायरीवरची पाइनची पाने झाडतात, एक मेणबत्ती लावतात आणि मला हात न लावता आत जातात.

मित्रांनो, मला उगीच हात लावायचा नाही, हा इथला नियम आहे. साधूच्या मृत्यूनंतर काही यात्रेकरू हिमवादळात सापडले. त्यांच्या हाका दरीत पोचल्याच नाहीत. तेव्हा खालच्या गावाने घरोघरची तांब्यापितळेची भांडी वितळवून मला ओतले. मी वाजले की गावाने हातातले काम टाकून वर यायचे. वाट चुकलेली, पाय मोडलेली कितीतरी माणसे माझ्यामुळे घरी पोचली. पुढे मोबाइल आले आणि मी मुकी झाले.

२००४ च्या ऑक्टोबरात प्रार्थनाघराच्या विश्वस्तांनी मला शहरातल्या संग्रहालयात ठेवायचे ठरवले. "हाक ऐकून आता येतो कोण?" त्यांनी बेनितोंना विचारले.

मला उतरवायच्या आदल्या दिवशी टेक्सासमधल्या फ्रिस्कोहून सत्यजित, त्याची मुलगी ज्ञानदा आणि पुण्याहून आलेली त्याची आई सुमित्राबाई असे तिघे आले. सुमित्राबाईंनी चपला काढल्या, पदर सावरला आणि देवळात शिरताना वाजवावी तशी मला वाजवली.

"आजी, नो! इट्स ओन्ली फॉर इमर्जन्सी!" भिंतीवरची पाटी वाचून ज्ञानदा ओरडली.

"अगं, देवाच्या दारातली घंटा वाजवायची नाही, तर काय नुसती बघायची?"

"आई, काय केलंस हे! आता पोलीस येतील."

बेनितो उतारावरच्या वाटेकडे पाहत उभे राहिले.

पोलीस आले नाहीत. गाव आले. धापा टाकत, कुणी ब्लँकेट, कुणी दोरखंड घेऊन. एका बाईच्या हातांना पीठ तसेच चिकटलेले होते.

"कोण पडलंय?" तिने विचारले.

सत्यजित माफी मागू लागला. सुमित्राबाईंनी ओशाळून हात जोडले.

"सगळे धडधाकट आहात ना? मग झालं तर," ती बाई हसली. "पण आजीबाई, पुढच्या वेळी खाली येऊन वाजवा. आमचा चढ तरी वाचेल!"

मित्रांनो, मला काचेच्या कपाटात ठेवून लखलखीत करता येईल, पण तिथून माझी हाक कुणाला ऐकू जाणार? जुन्या वस्तू जरूर जपा. मात्र त्यांचे काम त्यांच्याकडून काढून घेऊ नका.

दुसऱ्या दिवशी संग्रहालयाची गाडी आली. बेनितोंनी माणसांना कॉफी दिली आणि रिकाम्या हाती परत पाठवले. मग शिडी लावून त्यांनी माझी जीर्ण दोरी सोडली आणि नवी बांधली. लहान मुलाच्याही हाताला लागेल इतकी लांब.