मिठीत न लागणारं पिस्तूल

सिस्टर नोरीननं मला मिठी मारली, क्षणभर डोळे मिटले आणि म्हणाली, "लागतंय रे."

"कुठं?"

"उजव्या बरगडीखाली. माझ्या पहिल्या नवऱ्याच्या किल्ल्या टोचायच्या, अगदी तिथंच."

मी रिकामं पिस्तूल कमरेवर आणखी मागे सरकवलं, शर्ट सारखा केला आणि पुन्हा हात पसरले. जगात पिस्तुलं पारखायच्या बऱ्याच पद्धती आहेत. कुणी चिखलात बुडवतं, कुणी छपरावरून खाली टाकतं. आमच्या चर्चमध्ये, जिथं सगळे एकमेकांना ब्रदर-सिस्टर म्हणतात, नोरीन मिठी मारते. तिनं आख्ख्या तालुक्याला मिठ्या मारलेल्या आहेत. कुणाचं हर्नियाचं ऑपरेशन झालंय आणि कुणी खिशात बाटली ठेवलीय, हे तिला डॉक्टर आणि बायको या दोघांच्या आधी कळतं.

झालं होतं असं, की लांबच्या कुठल्याशा चर्चमध्ये गोळीबार झाला आणि इथं दक्षिण मिसूरीत आमच्या मंडळींची झोप उडाली. आमच्या चर्चवर आजवर एकच हल्ला झालेला आहे, तोही रकून नावाच्या मांजराएवढ्या चोरट्या प्राण्यानं, आणि त्यात पंगतीसाठी आणलेली अंडी सोडली तर कुणाला इजा झालेली नाही. तरी सुरक्षा समिती बसली. समितीनं ठरवलं, की रविवारी पुढच्या दारात जो स्वागताला उभा राहील त्याच्याकडे कपड्यांखाली पिस्तूल हवंच. समितीतल्या सगळ्यांचं पिस्तूल एकाच जातीचं हवं, म्हणजे वेळ पडली तर एकाच्या गोळ्या दुसऱ्याला चालतील. आणि ते आहे हे कुणाला कळता कामा नये.

ही शेवटची अट जीवघेणी होती. कारण आमच्याकडे दारात मिठी मारतात. हस्तांदोलन वगैरे मेथडिस्ट पंथाचे लोक करतात. मिठी न मारता जो आत गेला, तो आत गेला असं आम्ही धरतच नाही.

पिस्तूल निवडायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी हायवेवरच्या नेमबाजीच्या रेंजवर काउंटर सांभाळतो आणि दिवसभर लोकांना न पेलणारी पिस्तुलं त्यांच्या हातातून परत घेतो. आणि दारात जे उभे राहतात ते माझे बाबा.

बाबा म्हणजे व्हर्जिल स्टॅम्पर. आयुष्यभर कोंबडीच्या कारखान्यात मांसातून हाडं सोडवायच्या सरकत्या पट्ट्यापाशी उभे राहिले. आता त्यांची बोटं पुरती मिटत नाहीत. कॉफीचा मग दोन तळव्यांमध्ये दाबून धरतात. आई गेल्यापासून त्यांच्या आठवड्यात एक रविवार आहे आणि उरलेला सगळा रविवारच्या आधीचा वेळ आहे. मिठीला बोटं लागत नाहीत, दंड पुरतात, आणि बाबांचे दंड चांगले आहेत. त्यांच्या मिठीतून सुटलेला माणूस बाकापर्यंत जरा ताठ चालत जातो, हे मी लहानपणापासून बघत आलोय.

त्यांना पिस्तूल पेललं नाही, तर दार जाणार होतं केंट हॉलिसकडे. केंट विमा विकतो. त्यानं मिठी मारली की आपलं कुणीतरी वजन करून घेतलं असं वाटतं.

म्हणजे मला शोधायचं होतं नोरीनला लागणार नाही आणि बाबांना पेलेल असं पिस्तूल. ऐकायला सोपं वाटतं. अडचण अशी, की पिस्तुलाच्या वरचा भाग, ज्याला स्लाइड म्हणतात, तो हातानं मागे ओढल्याशिवाय पहिली गोळी आत जात नाही. आणि पिस्तूल जितकं छोटं, तितकी त्याच्या आतली स्प्रिंग आडमुठी. लपवायला सोपं ते ओढायला अवघड. हे ज्यानं कुणी ठरवलं, त्याच्या म्हाताऱ्या बापाचे हात धडधाकट असणार.

तरी मी बाबांना रेंजवर नेलं. समितीला आवडलेलं छोटं पिस्तूल त्यांच्या हातात दिलं. इतकं छोटं, की धरल्यावर करंगळीला जागाच उरत नव्हती.

"ओढा, बाबा."

"ओढतोय."

"हललीसुद्धा नाही."

"मग ओढत नसेन."

मी त्यांना दुसरी युक्ती दाखवली. पिस्तुलाच्या स्लाइडवरची, नेम धरायची मागची माशी कमरेच्या पट्ट्याला अडकवायची आणि पिस्तूल खाली रेटायचं. बाबांनी रेटलं. पट्टा खाली आला, पँट खाली आली, स्लाइड जागच्या जागी राहिली. रेंजवरच्या शेजारच्या गाळ्यात नेम धरून उभ्या असलेल्या बाईनं सभ्यपणे तोंड फिरवलं.

मग मी काउंटरखालचं मोठं पिस्तूल काढलं. जुनं, जाड, वजनदार, पण स्प्रिंग अशी मऊ की ड्रॉवर ओढावा तशी स्लाइड तळव्यानं मागे येत होती. बाबांनी ओढली. पुन्हा ओढली. उगाचच आणखी एकदा ओढली.

"ही म्हातारी बरी आहे की रे," ते म्हणाले.

चाप ओढण्यापुरतं त्यांचं एक बोट अजून नोकरीवर होतं. कागदावरच्या माणसाच्या छातीत त्यांनी सगळ्या गोळ्या बशीएवढ्या जागेत घातल्या, आणि मग त्या माणसाकडे बघून म्हणाले, "सॉरी, भाऊ."

त्याच आठवड्यात मी मोठं पिस्तूल लावून नोरीनसमोर उभा राहिलो. ती मिठीतून एकदम मागे सरली.

"अरे देवा! इस्त्री घेऊन आलायस का?"

छोटं पिस्तूल मात्र तिला लागलं नाही. वेदीपाशी गुडघे टेकले तरी दिसलं नाही. पंगतीत तीन वेळा चीजचं कॅसरोल वाढून घेतलं तरी पोटात रुतलं नाही. समितीनं यासाठी कुणाचं तरी एक बाळही उसनं आणलं होतं. ते माझ्या कडेवर, बरोबर पिस्तुलावर बसवलं, तर ते झोपी गेलं. समितीच्या दृष्टीनं हा निर्णायक पुरावा होता.

शेवटची परीक्षा तळघरातल्या जेवणाच्या हॉलमध्ये होती. परीक्षक डॅरेल कोट्स, समितीचा अध्यक्ष, तुरुंगातला निवृत्त पहारेकरी. हा माणूस अजूनही जेवताना भिंतीला पाठ लावून बसतो. मी त्याला आधीच सांगून बघितलं होतं, की मी दर रविवारी घरीच गोळी चढवून पिस्तूल बाबांच्या कमरेला लावून देईन, त्यांना स्लाइड ओढायचं कामच पडणार नाही.

"आणि गोळी अडकून जाम झालं, तर स्लाइड कोण ओढणार?" डॅरेल म्हणाला. "तेव्हा तू कुठं असशील? गाणी म्हणत?"

म्हणून त्यानं छोट्या पिस्तुलात एक खोटी गोळी घातली, बाबांच्या हातात दिलं आणि ओरडला, "जाम!"

बाबा ओढू लागले. तळव्यानं ओढलं, मनगटानं ओढलं, टेबलाच्या कडेला अडकवून बघितलं. टेबल सरकलं. पास्टर लाइल, केंट, नोरीन, सगळे कॉफीच्या कपात बघत होते.

"ब्रदर व्हर्जिल," डॅरेल जरा हळू आवाजात म्हणाला, "समोर माणूस उभा आहे. त्याच्या हातात बंदूक आहे. तुमचं जाम झालंय. काय कराल?"

"मिठी मारेन," बाबा म्हणाले.

सगळे हसले. केंट सर्वांत जास्त वेळ हसला. बाबा हसत नव्हते.

"आत आलाय ना तो?" त्यांनी विचारलं. "मग मिठी मारेन."

पास्टर लाइलनं घसा साफ केला. त्याचा एक आवाज आहे, जो तो फक्त दवाखान्यात वापरतो. त्या आवाजात तो म्हणाला, "पार्किंगमध्येही आपल्याला भरवशाचा माणूस हवाच आहे, व्हर्जिल. पिवळं जाकीट आपण देऊ."

बाबांनी पिस्तूल टेबलावर ठेवलं, नळी भिंतीकडे करून, मी शिकवलं होतं तसं. त्यांचे तळवे लाल झाले होते. ते त्यांनी टेबलाखाली नेले.

मी उभा राहिलो.

"पिस्तूल मी पारखलंय, तर निकालही मीच सांगतो," मी म्हणालो. "नेमात मोठं पिस्तूल सरस आहे. झटका कमी, गोळ्या जास्त, जाम होत नाही, झालं तर पोरसुद्धा सोडवेल. दोष एकच. मिठीत लागतं."

"तेच तर," केंट म्हणाला.

"मग मिठी बंद करा."

मग डॅरेलचा चेहरा उजळत गेला. त्याचा चेहरा उजळलेला मी पहिल्यांदाच बघत होतो, आणि चेहरा त्याला सरावलेला वाटत नव्हता.

"मिठीत दोन्ही हात अडकतात!" तो म्हणाला. "मी पहिल्यापासून हेच म्हणतोय!"

"अरे, पण ती आपली ओळख आहे," केंट म्हणाला. "लोक त्यासाठी येतात."

"तू त्यासाठी येतोस, केंट. तुझी अर्धी गिऱ्हाइकं त्या दारातच पटतात."

"तसाही सर्दीतापाचा मोसम आलाय," पास्टर लाइल छताकडे बघत म्हणाला.

"म्हणजे मी आता काय करायचं?" नोरीननं विचारलं.

"तुमची चाचणी संपली, सिस्टर," डॅरेल म्हणाला. "चर्च तुमचं आभारी आहे."

हात वर करून मतदान झालं. मिठी गेली, मोठं पिस्तूल आलं. त्यानंतर बाबांनी त्या पिस्तुलातली खोटी गोळी ड्रॉवर ओढावा तशी बाहेर काढली आणि पास झाले. मतदानात त्यांचा हात वर गेला नव्हता. मला वाटलं, खांदा दुखत असेल.

आठवडाभर मी आणि डॅरेलनं त्यांना उभं राहायला शिकवलं. पिस्तुलाची बाजू लोकांपासून लांब, म्हणजे समोरच्याला अर्धी पाठ. हात छातीपुढे. माणूस जवळ आला की अर्धं पाऊल मागे.

"आणि चेहरे बघू नका," डॅरेल म्हणाला. "चेहरे थापा मारतात. हात बघा. काही करायचं असेल तर माणूस हातानंच करतो."

"ते खरंय," बाबा म्हणाले.

रविवारी ते दारात उभे राहिले. नवा कोट होता, मोठं पिस्तूल झाकायचं म्हणून एक माप मोठा घेतलेला. मी आत, दार दिसेल अशा बाकावर बसलो. लोक सवयीनं हात पसरून पायऱ्या चढत होते. बाबा अर्धं पाऊल मागे सरत. मग त्या पसरलेल्या हातांचं काहीतरी करायला हवं म्हणून कुणी केस सारखे करत, कुणी खिसे चाचपत. एका म्हातारीनं दाराच्या चौकटीलाच थोपटलं. पुढचा अर्धा तास आमच्या चर्चमध्ये लोक असे शिरत होते, जसे खात्यात पैसे नसताना बँकेत शिरतात.

हार्लन टिब्सही आला. गुरुवारी त्याच्या बायकोला माती दिली होती. तो बाबांसमोर येऊन थांबला, जरा जास्तच थांबला. मागे रांग लागली. बाबा खाली बघत होते, त्याच्या हातांकडे.

"गुड मॉर्निंग," ते म्हणाले.

हार्लन आत आला, शेवटच्या बाकावर बसला आणि पहिलं गाणं संपायच्या आत बाजूच्या दारानं निघून गेला.

परत जाताना गाडी मी चालवत होतो. बाबांनी कोटाची बटणं सोडली नव्हती.

"जमलं की सगळं," मी म्हणालो. "डॅरेलनं अंगठा दाखवला मला. दार आता तुमचंच."

"हं."

"हार्लन फार वेळ बसला नाही."

"हार्लन आला होता?"

मी गाडीचा वेग कमी केला. तसं काही कारण नव्हतं, रस्ता रिकामा होता.

"तुमच्या समोर उभा होता, बाबा."

ते खिडकीतून बाहेर बघत राहिले. बाहेर गवताचे भारे होते, नंतर कुणाचा तरी बंद पडलेला ट्रॅक्टर, नंतर पुन्हा गवताचे भारे.

"निळ्या कोटाच्या बाह्या?"

"हो."

"रिकामे होते हात," बाबा म्हणाले.

घरी पोचल्यावर पिस्तूल काढायचं होतं. त्याची पट्ट्याला लावलेली खिट्टी बोटांनी दाबूनच सुटते, आणि ते बाबांना जमत नाही. हे एक कुणाच्याच चाचणीत आलं नव्हतं. मी त्यांच्यासमोर उभा राहून दोन्ही हात त्यांच्या कमरेमागे नेले आणि खिट्टी चाचपू लागलो. माझ्या मध्ये येऊ नयेत म्हणून त्यांनी आपले हात वर केले, खांद्यांच्याही वर, दरोड्यात लोक करतात तसे.

"कसं वाटलं पिस्तूल?" मी त्यांच्या कोटात तोंड घालून विचारलं.

"चांगलं आहे. कुणाला कळलं नाही."

खिट्टी सुटली. मी मागे सरलो, गोळ्या काढल्या, आतलीही काढली, स्लाइड ओढून आत खरंच काही नाही ना ते बघितलं आणि पिस्तूल कपाटात ठेवून कुलूप लावलं. वळून बघितलं तर बाबा स्वयंपाकघराच्या मध्यभागी तसेच, हात वर करून उभे होते.

"झालं, बाबा," मी म्हणालो. "हात खाली घ्या."