हीटरमधली काडी

"मला आत्ताच्या आत्ता गरम हवा पाहिजे!" असं ओरडून मेहुण्याने डॅशबोर्डवर असा बुक्का हाणला की वरचा आरसा हलला. शेजारच्या सीटवर बसलेल्या माझ्या धाकट्या बहिणीने डोळे गच्च मिटून घेतले. लहानपणी ती कुणाच्या आवाजाला घाबरत नसे. घाबरायला ती लग्नानंतर शिकली.

गॅरेज वडिलांचं, आता मी चालवते. राग मात्र माझा स्वतःचा आहे. हातात पाना असताना कुणी आवाज चढवला की माझं डोकं फिरतं. पण हा पडला घरचा जावई, म्हणून पाना खाली ठेवला. त्याची बदली घाटापलीकडे झाली होती. सामान पुढे गेलं होतं, घाटात कडाक्याची थंडी पडली होती आणि हीटर नुसती गार हवा फेकत होता. हीटर दुरुस्त झाला की धाकटी त्याच्याबरोबर जाणार, आणि तिकडे तिच्या अंगावरचे वळ बघायलासुद्धा आपलं माणूस नसणार. कितीदा विचारलं मी तिला. "पायरीवरून पडले," हे ठरलेलं उत्तर. तिच्या घराला मोजून तीन पायऱ्या.

"दुसऱ्या कुठल्या गॅरेजला दाखवली का?" मी विचारलं.

"घरचं गॅरेज असताना बाहेर कशाला जाऊ, ताई?" तो म्हणाला.

मी इंजिन चालू ठेवून बॉनेट उघडलं आणि खाली टेकूचा रॉड लावला. बॉनेट जाड पत्र्याचं, चांगलंच जड. रॉड नीट बसल्याशिवाय आत हात घालायचा नाही, ही वडिलांची शिस्त आम्हा दोघी बहिणींना पाठ होती. हीटरचे दोन्ही पाइप चाचपून पाहिले तर बोटांना चटका बसला. म्हणजे गरम पाणी हीटरपर्यंत जात होतं आणि परतही येत होतं. पंखा तर जोरात होता. राहता राहिली डॅशबोर्डच्या आतली झडप, जी गार हवेची वाट बंद करून गरम हवेची उघडते. बटण फिरवलं की केबल ताणली जायची, पण झडप गारवरच अडून बसली होती.

"जमत नसेल तर तसं सांगा," तो म्हणाला. "बायकांच्या हातात पाने दिले की हे असंच होतं." धाकटी नुसती माझ्याकडे बघत होती, तर त्याने तिच्या दंडाला असा चिमटा काढला की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "हसतेस कुणाला?"

ती हसली नव्हती.

मी तिला खाली उतरवलं, समोरचा कप्पा काढला आणि मागे हात घातला. झडपेच्या बिजागरीत काहीतरी रुतलं होतं. पक्कडीने ओढून काढलं. ती चष्म्याची काडी होती. काचेखालच्या फटीतून घसरत आत गेलेली. तिच्या टोकाला तांब्याची तार गुंडाळलेली होती. ती तार मीच गुंडाळली होती, याच गॅरेजात, धाकटीच्या चष्म्याचा स्क्रू पडला होता तेव्हा. उन्हाळ्यात तिच्या भुवईला टाके पडले आणि चष्मा फुटला, तोही पायरीवरून पडूनच म्हणे. तेव्हापासून ही काडी इथे होती. उन्हाळाभर गारच हवा लागते, त्यामुळे झडप अडकल्याचं कुणाला कळलंच नाही. त्याने तिचं तोंड धरून याच डॅशबोर्डवर आपटलं होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

वडिलांची एक पद्धत होती. गाडीतून जे निघेल ते ट्रेमध्ये ठेवून मालकाच्या समोर धरायचं, आणि स्वतः काही बोलायचं नाही. मी ती काडी ट्रेमध्ये ठेवली, ट्रे इंजिनच्या कडेला ठेवला आणि त्याला बोलावलं. धाकटीही आली. तिने काडी पाहिली आणि तिचा हात आपोआप भुवईकडे गेला.

"वेंधळी कुठली! काय कुठे टाकशील नेम नाही," तो म्हणाला.

"अरे, पायरीवर फुटलेला चष्मा गाडीत कसा सापडतो?" मी विचारलं. अहोजाहो संपलं होतं.

त्याने उत्तर दिलं ते धाकटीच्या थोबाडीत मारून. तिचा ओठ फुटला. मी पाना उगारला, तर त्याने माझं मनगट पिरगाळून तो पाडला आणि मला टायरांच्या ढिगावर ढकललं. मग ट्रेला फटका मारला. ट्रे फरशीवर खणाणला, काडी उडून बॅटरीच्या मागे पडली. "आता दाखवा कुणाला दाखवायची ती!" असं म्हणत तो ती काढायला कोपरापर्यंत दोन्ही हात घालून आत वाकला.

धाकटीने रॉड काढला.

बॉनेट धाडकन त्याच्या पाठीवर आणि हातांवर आलं. तो कळवळून मागे सरकला, पण पंजे कडेखालीच राहिले. धाकटीने मागेपुढे पाहिलं नाही. ती त्या बॉनेटवर चढून बसली, ओठातून रक्त गळत असताना, दोन्ही हात मांडीवर ठेवून. हाडं मोडल्याचा आवाज मी ऐकला. मी बॉनेट उचलायला धावले असं सांगितलं तर खोटं होईल. मला आनंद झाला.

"उतर गं," शेवटी मी म्हटलं. ती उतरली.

शेजारच्या टायरवाल्याने त्याला त्याच्याच गाडीत घालून दवाखान्यात नेलं. जाताना टायरवाला काच खाली करून म्हणाला, "ताई, हीटर झकास चाललाय." धाकटी तिची बॅग कवटाळून माझ्या स्टुलावर बसली होती. पोलीस येतील, सासरचे येतील, काय काय सांगावं लागेल, याचा मी विचार करत होते.

टायरवाला परत आला तेव्हा आधी डोकं खाजवत उभा राहिला.

"डॉक्टरांनी विचारलं, हे कसं झालं?" तो म्हणाला. "तर म्हणतो, पायरीवरून पडलो."

धाकटीने माझ्याकडे पाहिलं आणि ती हसायला लागली. फुटलेला ओठ ताणला जाऊन पुन्हा रक्त आलं तरी थांबेना. मग तिचं हसणं रडण्यात बदललं, आणि मी शटर खाली ओढलं.