निळ्या गेटचा पत्ता

मृणाली मामाकडून, अकलोलीहून परतली तेव्हा घराचा ओटा माणसांनी भरलेला होता आणि कुणीही बोलत नव्हतं. वडप्यात केसरीनाथच्या ओट्यावर माणसं बसण्यात नवल काही नाही. जमिनीचे सौदे करणाऱ्याच्या ओट्यावर माणसं नाही बसणार तर काय कावळे बसणार? पण ती माणसं गप्प असली की कुणाची तरी हाडं मोडायची ठरलीत, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल.

तिच्या आईने, काशीने, तिला मागच्या दाराने आत ओढलं.

"तुझ्या बापाला धमकी आली हाय. परदेशातून. अनंतानं सुपारी दिली, असं राघो म्हनतो."

राघो म्हणजे केसरीनाथचा उजवा हात. डोकं नसलेला, नुसता हात.

अनंता केसरीनाथचा धाकटा सख्खा भाऊ. हायवेलगतची बापजाद्यांची जमीन केसरीनाथने गोडाऊनवाल्याला विकली ती अनंताला न विचारता, कागदावर त्याची खोटी सही ठोकून. अनंता बायकापोरं घेऊन कामतघरला गेला, तिथे कापडाच्या लूमवर कामाला लागला आणि भावावर केस टाकली. दिवाळी उलटली की तारीख होती. खाई त्याला खवखवे! हल्ली केसरीनाथला लवंगी फुटली तरी गोळी सुटल्यासारखं वाटायचं. आता त्या वर्षांत जमिनीचा पैसा आलेल्या माणसांना बाहेरदेशातून खंडणीचे फोन यायचे, हेही खोटं नाही.

"धमकी म्हणजे काय आलंय?" मृणालीने विचारलं.

"चित्र हाय. हाडांच्या सापळ्यांचं. नवरा-नवरी उभी हायत, नटूनथटून. आन् मागं आपला सगळा पत्ता. निळा गेट सुदीक लिवलाय गं!"

मृणालीला हसूच फुटलं. ते सापळे तिचे होते. मेक्सिकोतल्या कुणा बाईने पाठवलेले. तिचेच!

भानगड अशी की मागच्या वर्षी कॉलेजचा फॉर्म भरायला ती चोरून कामतघरला विशालच्या सायबर कॅफेत गेली होती. विशाल अनंताचा मुलगा, तिचा चुलतभाऊ. दोन बापांचं वैर झालं तरी या दोघांनी एका ताटात भात खाल्लेला, ते काय कोर्टाच्या कागदाने पुसलं जातं? त्याने तिला कॉम्प्युटरवर एक गंमत दाखवली. आपलं नाव-पत्ता द्यायचा, मग जगातल्या कुठल्या तरी अनोळखी माणसाचा पत्ता मिळतो, त्याला एक चित्राचं कार्ड पाठवायचं. ते पोचलं की आणखी तिसराच कुणी तुम्हाला कार्ड पाठवतो. ना ओळख ना पाळख, ना देणं ना घेणं. मृणाली खुळावली, पुन्हा पुन्हा चोरून तिथे जाऊ लागली. जपानच्या एका आजीने तिला आपल्या मांजराबद्दल लिहिलं, पोलंडच्या बसड्रायव्हरने बर्फाबद्दल. ज्या पोरीला नाक्यापलीकडे एकटं जायची मुभा नव्हती, तिला सगळं जग पत्रं टाकत होतं.

पत्ता मात्र बापाच्या नावाने दिलेला. वडप्यात बाईच्या नावाने टपाल आलं तर पोस्टमन विचारतो, 'ही कंची?' म्हणून तिने लिहिलं होतं: केसरीनाथ यांचं घर, मारुतीच्या देवळामागे, निळं गेट. जुना पोस्टमन रामू कार्डं नाक्यावर तिच्या हातात गुपचूप द्यायचा. रामू रजेवर गेला, बदलीवाला आला आणि ते सापळे त्याने थेट केसरीनाथच्या मांडीवर ठेवले.

"मी जाऊन सांगते," ती म्हणाली.

"गप बस. तंगडी तोडील तुझी."

"नाही सांगितलं तर काकाची तोडतील."

काशीने तिचा हात धरला, मग सोडला. बावीस वर्षं नांदलेली बाई ती, नवऱ्यापुढे बोलायचं नसतं एवढं एकच शास्त्र तिला पक्कं पाठ होतं. मृणालीने पलंगाखालचा बिस्किटांचा डबा काढला आणि ओट्यावर गेली.

तिने सगळं सांगितलं. अगदी पहिल्यापासून, फक्त विशालचं नाव वगळून. वर डबा उघडून कार्डं सतरंजीवर मांडली. बर्फातली ट्राम, दीपस्तंभ, गाई, चर्च. मेक्सिकोच्या कार्डावरचं इंग्रजी वाचून मराठीत सांगितलं. "बाबा, ती बाई लिहिते, नोव्हेंबरात आमची मेलेली माणसं घरी येतात, आम्ही त्यांच्यासाठी गोडधोड करतो. आपला पितरांचा पंधरवडा असतो ना, तसंच."

"ऐकलंत शेठ?" राघो उठून उभाच राहिला. "मेलेली मानसं घरी येतील म्हनतात!"

केसरीनाथ कार्डांकडे बघत होता. एक उचललं, पालथं केलं. निळं गेट. दुसरं उचललं. निळं गेट. त्याच्या कपाळावर घाम आला.

"ही कोन मानसं?"

"माहीत नाही, बाबा. कुणीही असतात."

"तुला काय पायजे म्हनतात?"

"काहीच नाही."

"मग पाठवतात कशाला?"

आता याला उत्तर काय द्यायचं? तिने खरं तेच दिलं. "आवडतं म्हणून."

ओट्यावर कुणीतरी फिस्सकन हसलं. केसरीनाथ हसला नाही. ज्या माणसाने जन्मात कुणाला घोटभर चहाही मतलबाशिवाय पाजला नाही, त्याला परक्या मुलखातली माणसं स्वतःचं तिकीट लावून गाईचं चित्र पाठवतात हे पटणार तरी कसं? खोटं बोलली असती, प्रियकर आहे म्हणाली असती, तर कदाचित पटलं असतं. चार थोबाडीत बसल्या असत्या आणि विषय मिटला असता.

"हे शिकवलं कुनी तुला?" त्याने अगदी मऊ आवाजात विचारलं.

आणि ती भाबडी बोलून गेली, "विशालदादाने."

शब्द तोंडातून सुटला आणि बापाचा चेहरा बघून तिला कळलं की आपण काय करून बसलो. पण बाण सुटला होता.

"बघा!" केसरीनाथ सगळ्या ओट्याला म्हणाला. "भावानं माझ्या पोरीला हाताशी धरली. तिच्याच हातानं दुनियाभर माझा पत्ता वाटला. माझ्याच घरात बसून!" आणि त्याने तिच्या कानशिलात अशी लगावली की ती डब्यावर कोसळली. ओठ फुटला, रक्त दीपस्तंभावर सांडलं. दाराआड काशीने तोंडात पदर कोंबला.

"चल. कुठं बसायचीस ते दाखव."

तिला केसाला धरून गाडीत घातलं. पुढे केसरीनाथ, मागे ती, राघो आणि आणखी दोघं. पायाशी लोखंडी पाइप खडखडत होते. रस्ताभर ती विनवत राहिली, शपथा घातल्या, देवीच्या, आजीच्या. राघोने तिच्या तोंडावर पंजा दाबला, तेव्हा ती त्याला कडकडून चावली. मग तिच्या पोटात कोपर बसलं.

कामतघरच्या त्या गल्लीत दोन्ही बाजूंनी लूमचा खडखडाट. तिथे माणूस ओरडला तरी शेजारच्याला ऐकू जात नाही. कॅफेत पाच-सहा कामगार पोरं गावाकडे जायची तिकिटं काढत बसली होती. पाइप बघितले आणि 'भागो रे!' म्हणत पसार झाली, एकाची चप्पल तिथेच राहिली. विशाल उठून हसतमुखाने म्हणाला, "या मोठे काका," आणि राघोचा पाइप त्याच्या खांद्यावर बसला.

मग जे झालं ते झालं. कॉम्प्युटरचे पडदे एकामागून एक फुटले, काचा उडाल्या. दोघांनी विशालला खाली पाडून लाथांनी तुडवला, तोंडावर, बरगडीवर, जिथे लागेल तिथे. त्याचा चष्मा डोळ्याखाली रुतला. मृणाली एकाच्या पाठीवर चढली, त्याने तिला भिंतीवर झटकली. ती पुन्हा उठली.

"काका, थांबा!" विशाल रक्त थुंकत म्हणाला. "दाखवतो. उघडून दाखवतो. एकदा बघा तरी!"

केसरीनाथने हात वर केला. माणसं थांबली. एक कॉम्प्युटर शिल्लक होता. विशाल सरपटत खुर्चीवर बसला, बटणं दाबली. पान हळूहळू उघडलं. मृणाली मनात देवाचा धावा करत होती, आता दिसेल, आता बाबांना कळेल. जगाचा नकाशा आला. प्रत्येक कार्डाची एक लाल रेघ. जपानहून, पोलंडहून, मेक्सिकोहून निघालेल्या सगळ्या रेघा एकाच ठिकाणी येऊन टोचत होत्या, वडप्यात.

केसरीनाथ नकाशा बघत राहिला. त्याचे ओठ पांढरे पडले. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काही उगीच नाही. त्याला त्यात मांजरंही दिसली नाहीत आणि बर्फही दिसलं नाही. सगळ्या दुनियेने आपल्यावर धरलेला नेम दिसला.

"कबूल केलंन," तो म्हणाला. "ह्याला दारात घ्या. ज्या हातानं बटनं दाबतो, तो हात ठेवा शटरखाली."

विशालला उंबऱ्यावर पालथा पाडला. राघो त्याच्या पाठीवर बसला, दुसऱ्याने उजवा हात ओढून शटरच्या पट्टीखाली दगडावर धरला. विशाल आता गुरासारखा ओरडत होता. गल्लीच्या तोंडाशी माणसं जमली होती, पण पुढे कोण येतो! केसरीनाथने स्वतः शटरची कडी धरली. जुनं जड शटर, नुसतं सोडलं तरी बकरं कापेल असं.

मृणाली धावली आणि विशालच्या हातावर तिने आपला उजवा हात ठेवला. पंजा पसरून.

"ओढा, बाबा."

केसरीनाथने बघितलं. हे नीट ऐका, कारण पुढे बरेच जण म्हणाले की त्याने बघितलंच नाही. त्याने बघितलं. तिच्या हाताकडे बघितलं, तोंडाकडे बघितलं. एक क्षण त्याची पकड ढिली झाली. पण राघो बघत होता, माणसं बघत होती, सगळी गल्ली बघत होती, आणि पोरीपुढे माघार घेतली तर उद्या वडप्यात कोण विचारणार आपल्याला, एवढंच त्याच्या मनात आलं. त्याने सगळं अंग टाकून शटर ओढलं.

तिची किंकाळी मात्र लूमच्या खडखडाटातूनही ऐकू गेली.

दवाखान्यात तिला शुद्ध आली तेव्हा हातावर भलंमोठं बँडेज होतं. दोन बोटं गेली होती, बाकीची राहतील की नाही ते डॉक्टर सांगत नव्हते. पलीकडच्या खाटेवर विशाल होता. बरगड्या मोडलेल्या, डोळा सुजून बंद, पण हाताच्या हाडाला नुसती भेग. तिच्या पंज्याने झेललं होतं. उशाशी केसरीनाथ बसला होता आणि ढसाढसा रडत होता. खोटं रडत नव्हता, अगदी मनापासून रडत होता. त्याचाच तिला सगळ्यात जास्त राग आला.

हवालदार जबाब घ्यायला आला. केसरीनाथला बघून कमरेत अर्धा वाकला, ओळख जुनी. "शेठ, कसं झालं हो?"

"शटर निसटलं," केसरीनाथ डोळे पुसत म्हणाला. "पोरं आतमधी हुती. मारामारी त्या कामगारांची आपसातली. आमी सोडवायला गेलो."

हवालदाराने लिहायला घेतलं.

"शटर निसटलं नाही," मृणाली म्हणाली. "माझ्या बापाने ओढलं. बघून ओढलं. विशालला मारायलाही त्यांनीच माणसं आणली."

पेन थांबलं. "पोरी, तू गुंगीत आहेस. नीट आठव."

"मला नीट आठवतंय. लिहा."

हवालदाराने केसरीनाथकडे बघितलं. केसरीनाथने मान हलवली, भोळसट हसला. "शॉकमधी हाय ती. आन् सही कुठून करनार? हात बघा तिचा." हवालदार सुटल्यासारखा कागदाची घडी घालू लागला.

काशी दाराशी उभी होती. कामतघरची बातमी वडप्यात पोचली तशी ती अनवाणी निघाली होती, कुणाच्या तरी टेम्पोत बसून आली होती. ती पुढे आली. हवालदाराच्या हातातला कागद घेतला, घडी उलगडली, खाटेवर पसरली.

"तिनं सांगितलं ते लिवा आधी," ती म्हणाली.

"काशे," केसरीनाथ उठला, "घरी चल."

तिने वळूनसुद्धा बघितलं नाही. हवालदाराचं लिहून होईपर्यंत ती खाटेला टेकून उभी राहिली, मग त्याच्या बॅगेतला शाईचा पॅड स्वतःच्या हाताने काढला, लेकीचा डावा अंगठा धरून त्यावर दाबला आणि कागदावर ठेवला. ठसा नीट उमटला की नाही ते तिने वाकून बघितलं. मग स्वतःचाही अंगठा त्याच्या शेजारी लावला.