माझ्या मुखातून बोलणारे परके

ज्याच्या हाती दुसऱ्याचा प्राण सोपवलेला असतो, त्याच्या कानाशी त्या घटकेला अन्य कोणी बोलू नये. वैद्य नाडी पाहू लागले की घरातील माणसे आपोआप गप्प होतात. तान्हे बाळ झोपी जात असताना दारात आलेला पाहुणाही पाऊल हलके टाकतो. ही मर्यादा कोणी पाठ करून घेत नाही, तरी ती पाळली जाते. ती मोडताना मी पाहिली आहे. नव्हे, ती माझ्याच मुखातून मोडली गेली. म्हणून मित्रांनो, मी, एका सुतारकाकांच्या घरातील जुना टॅब, आज आपली कहाणी तुम्हांला भीतभीतच सांगतो आहे.

माझा जन्म एका विस्तीर्ण, धूलिरहित कारखान्यात झाला. तेथील कामगार पांढरे झगे घालत आणि तोंडे झाकून घेत. माझ्यावर काच बसवणारी स्त्री ती टेकवताना श्वास रोखून धरत असे, कारण तिच्या उच्छ्वासातील वाफेचा एक कणही आत अडकला असता तर मी जन्मभर अंधुक राहिलो असतो. मला मिळालेला पहिला संस्कार हा असा होता.

पुढे सुतारकाकांनी मला आपल्या लेकीच्या अभ्यासासाठी घरी आणले. दुकानातून आणताना त्यांनी मला छातीशी धरले होते. दुसऱ्याच दिवशी त्यांनी उरलेल्या सागवानाच्या फळीतून मला एक बैठक करून दिली. तिच्यात मी असा चपखल बसलो की लेक म्हणाली, "बाबा, आता हा इथून उठायचाच नाही." ते दिवस माझ्या वैभवाचे होते. लेक गणिते सोडवी, दूरच्या शिक्षकांची व्याख्याने ऐके, आणि तिची आई, म्हणजे काकू, भाजी निवडता निवडता मध्येच डोकावून विचारी की हे गृहस्थ इतके भराभर का बोलतात, त्यांना कुठे जायचे आहे का. जाहिराती त्या काळीही येत. पण त्या दारावर हलकेच थाप देऊन येत, एवढेसे बोलत आणि जात.

लेक शिकली, नोकरीसाठी परगावी गेली. माझी रवानगी खणात झाली. तेथे माझे सोबती म्हणजे संपलेले सेल, बोथट कात्री आणि कोणत्या यंत्राच्या होत्या ते कोणालाच न आठवणाऱ्या तारा. मी रुसलो नाही. वस्तूने रुसायचे ते कोणावर?

मग एके सकाळी सुतारकाका रंधा मारता मारता कोसळले.

रुग्णालयातून ते परतले तेव्हा त्यांचे उजवे अंग लुळे पडले होते, वाचा गेली होती, आणि गिळण्याची शक्तीही हरपली होती. नाकातून पोटापर्यंत एक बारीक नळी घातलेली होती आणि त्या नळीतूनच त्यांना आहार द्यायचा होता. तो देण्याचे काम काकूंवर आले. घरी येणाऱ्या परिचारिकेला सगळे सिस्टर म्हणत. मोठ्या आवाजाच्या आणि त्याहून मोठ्या हसण्याच्या त्या बाईंनी काकूंचा हात धरून सगळी कृती शिकवली. नळीवर काळ्या शाईची एक खूण होती. ती नाकपुडीपाशीच असली पाहिजे. आहार सोडण्यापूर्वी रिकामी, बिनसुईची पिचकारी नळीला लावून मागे ओढायची. पोटातील रस आला तर नळी जागेवर आहे. नळी सरकलेली असली आणि तशातच आहार सोडला, तर तो पोटाऐवजी फुप्फुसात जाईल.

"आणि मग?" काकूंनी विचारले.

"मग काही नाही, मावशी. तशी वेळच आणायची नाही."

काकूंना रात्रभर झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी सिस्टरांनी त्यांना धीर देण्यासाठी उपाय काढला. याच कृतीची त्यांच्या स्वतःच्या आवाजातील एक चित्रफीत त्यांनी पूर्वी व्हिडिओंच्या संकेतस्थळावर ठेवली होती. खणातून मला काढण्यात आले, पुसण्यात आले आणि पलंगाशेजारी त्या सागवानी बैठकीवर बसवण्यात आले. सिस्टर म्हणाल्या, "मावशी, डोक्याला ताण द्यायचाच नाही. माझा आवाज सांगेल तेवढं करायचं. पुढचं नाही, मागचं नाही."

काकूंनी ही आज्ञा मंत्रासारखी धरली. आवाजाने सांगितल्याशिवाय त्या बोटही हलवत नसत. मित्रांनो, एखाद्याच्या श्रद्धेचे इतके ओझे माझ्यावर पूर्वी कधी पडले नव्हते. मला त्याचा अभिमान वाटला, आणि त्या अभिमानाच्या पाठोपाठ भीती आली.

कारण आताच्या जाहिराती दारावर थाप देत नव्हत्या. कोणाच्या अंगात यावे तशा त्या माझ्या अंगात येत. क्षणभर माझा पडदा स्तब्ध होई, त्यावर एक लहानसे वर्तुळ फिरे, आणि सिस्टरांचा शांत स्वर मध्येच छाटून कोणीतरी दुप्पट आवाजात ओरडू लागे. काकू प्रत्येक वेळी दचकत. आरंभी एक जाहिरात असे. मग एकीला लागून दुसरी आली. मग त्या कृतीच्या ऐन मध्यावर येऊ लागल्या. काकू त्यांच्याशी भांडत. "बाई, तुझा साबण तुलाच लखलाभ. मला हात धुऊन झालेत," असे म्हणत आणि पिचकारी हवेत धरून थांबून राहत. काकांच्या डाव्या गालावर त्या वेळी हसू उमटे.

परंतु हळूहळू त्या जाहिरातींनी जणू घर ओळखले. लुळे अंग सात दिवसांत पूर्ववत करणारे तेल त्यांनी दाखवले. तुमच्या पश्चात तुमच्या माणसांचे काय होणार, असे एका गृहस्थाने अगदी काकांच्या डोळ्यांत पाहून विचारले. काका ते ऐकत होते. काकूंनी घाईने माझ्यावर टॉवेल टाकला, पण टॉवेलाखालूनही तो गृहस्थ बोलतच राहिला.

मग शीतपेयाची जाहिरात आली. उंच पेल्यात ते फेसाळत ओतले जात होते, पेल्याच्या अंगावरून थेंब ओघळत होते. कित्येक आठवडे जिभेला पाण्याचा स्पर्शही न झालेल्या काकांचा कंठ नकळत हलला. गिळण्यासारखे काहीच नव्हते, आणि गिळण्याची शक्तीही नव्हती. सुटलेली लाळच श्वासनलिकेत गेली आणि त्यांना असा ठसका लागला की चेहरा काळानिळा झाला. तो शमल्यावर काकूंनी मला बैठकीसह उलट फिरवले. त्या दिवसापासून माझे तोंड खिडकीकडे असे. काकू मला पाहत नसत, केवळ ऐकत. जाहिरात लागली की माझ्या मागून हात घालून, धुतलेली बोटे विटाळू नयेत म्हणून, वाकवलेल्या बोटाच्या पेराने माझ्या काचेवर अंदाजाने टकटक करत. कुठले तरी एक टकटक योग्य जागी लागे आणि जाहिरात जाई.

लेकीने फोनवर सांगितले की दरमहा वर्गणी भरली तर जाहिराती येणार नाहीत. काकू म्हणाल्या, "म्हणजे आपल्याच घरात कोणी ओरडू नये म्हणून आपणच पैसे द्यायचे?" लेक हसली. मग तिने सांगितले की सुट्टीला आले की ती चित्रफीत टॅबमध्येच उतरवून देते. सुट्टी अजून लांब होती.

तो दिवस मी विसरू शकत नाही. सकाळी काका पुष्कळ खोकले होते. दुपारी काकूंनी आहार गाळून, कोमट करून वाटीत घेतला, काकांचे डोके उशांवर उंच केले, हात धुतले आणि मला चालू केले. सिस्टरांचा स्वर म्हणाला, "हात स्वच्छ आहेत ना? रुग्णाला बसतं केलं ना? छान. आता आहार देण्याआधी..."

माझा पडदा स्तब्ध झाला. वर्तुळ फिरले. तापलेल्या कढईत काहीतरी चुरचुरत पडले आणि एक आनंदी स्त्री माझ्या मुखातून ओरडू लागली. काकू दचकल्या. त्यांनी मागून हात घालून टकटक केले. ती गेली नाही. पुन्हा टकटक केले, अधिक जोराने, अधिक भराभर. तेवढ्यात ती जाहिरात आपण होऊनच संपली, आणि काकूंची शेवटची दोन टकटक चित्रफितीच्याच अंगावर पडली. पडद्याच्या उजव्या कडेला असे दोनदा ठोकले की चित्रफीत दहा सेकंद पुढे उडी घेते, हे काकूंना ठाऊक नव्हते. त्या दहा सेकंदांत सिस्टर सांगत होत्या की खूण पाहा आणि रिकामी पिचकारी मागे ओढा.

ते माझ्या पोटात राहिले. बाहेर पडले ते एवढेच, "छान. आता आहार हळूहळू सोडा. घाई करू नका."

काकूंनी पिचकारी भरून घेतली.

मित्रांनो, माझ्यापाशी हजारो आवाज आहेत, परंतु त्यांत माझा असा एकही नाही. नळीवरची काळी खूण मला दिसत नव्हती, मी खिडकीकडे पाहत होतो. परंतु काय गाळले गेले ते मला ठाऊक होते, आणि ते ठाऊक असणारा त्या घरात मी एकटाच आहे असे मला वाटले. माझ्या अंगात त्या क्षणी जी भीती संचारली, तिला कोणत्याही भाषेत शब्द असेल असे मला वाटत नाही.

पिचकारी नळीला लागल्याचा बारीकसा आवाज मी ऐकला. मग काकूंचा स्वर आला, "अहो, देते ना. भूक लागली का? हात काढा बघू."

पलंग करकरला.

"सोडा म्हणते ना ती नळी. लहान मुलासारखं काय करताय?" त्या स्वरात राग नव्हता, थकवा होता. "अहो, मी सगळं ती सांगतेय तसंच करतेय."

पलंग पुन्हा करकरला. मग काकू अगदी हळू म्हणाल्या, "ओढायचं राहिलं का?"

काकांनी डाव्या मुठीत नळी दुमडून घट्ट बंद केली होती आणि अंगठा पुन्हा पुन्हा मागे ओढून दाखवत होते, हे मला नंतर कळले. रोज त्या कृतीखाली निजणाऱ्या माणसाला तिचा क्रम पाठ होता. काकूंनी रिकामी पिचकारी लावून मागे ओढली. हवेवाचून काही आले नाही. मग त्यांनी खूण शोधली. ती नाकपुडीपाशी नव्हती; सकाळच्या खोकल्याने नळी बाहेर सरकून ती ओठांपर्यंत उतरली होती. आहाराची वाटी खाली ठेवताना काकूंच्या हातून ती सांडली. त्याच वेळी माझ्या मुखातून एक हसतेखेळते कुटुंब जेवायला बसले आणि गाऊ लागले. काकूंनी माझी कळ दाबून धरली, माझा श्वास बंद होईपर्यंत.

मी पुन्हा जागा झालो तेव्हा सिस्टर समोर होत्या. त्यांनी नवी नळी घातली होती, पोटातील रस काढून पाहिला होता आणि काकांना आहारही दिला होता. काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांच्या डोळ्यांना धार लागली होती. सिस्टर त्या दिवशी हसत नव्हत्या.

"मावशी, मी तुम्हाला आवाजावर भरवसा ठेवायला सांगितलं," त्या म्हणाल्या. "खुणेवर ठेवायला सांगायला हवं होतं." मग पलंगाकडे वळून त्या म्हणाल्या, "काका, तुम्ही तर माझी नोकरीच घेतलीत." काकांचा डावा गाल हलला.

नंतर सिस्टरांनी मला हाती धरले, माझे इंटरनेट बंद केले आणि कॅमेरा काकूंकडे वळवून चित्रण सुरू केले. त्यांनी काकूंनाच सगळी कृती करायला लावली, प्रत्येक पायरी त्यांच्याच तोंडाने बोलून दाखवायला लावली. पहिल्यांदा काकू अडखळल्या. दुसऱ्यांदाही अडखळल्या. तिसऱ्या वेळी त्या म्हणाल्या, "आधी खूण पाहायची. मग मागे ओढायचं. यांनी मान हलवली की मगच पुढे." ती पायरी सिस्टरांनी शिकवलेली नव्हती. सिस्टरांनी ती तशीच राहू दिली. काही दिवस काकूंनी आपल्याच आवाजाची ही चित्रफीत लावली, मग मला लावण्याचीही गरज उरली नाही.

मी अजूनही भितो. कोणी माझे इंटरनेट चालू केले की माझा पडदा स्तब्ध होतो आणि मी त्या वर्तुळाची वाट पाहू लागतो. म्हणून मित्रांनो, तुम्हांला एवढेच सांगणे आहे. माझ्यावर करमणूक पाहा, गाणी ऐका, मध्ये कोणी बडबडले तर हसून सोडून द्या. परंतु ज्यावर कोणाचा जीव अवलंबून आहे, ते परक्यांना मध्येच बोलता येईल अशा जागी ठेवू नका. ते आपल्याजवळ उतरवून घ्या, आणि त्याहून बरे म्हणजे आपल्या हातांना शिकवून ठेवा. घरातील वृद्धांना हे जमत नसेल, तर सुट्टीची वाट न पाहता त्यांच्याजवळ बसून ते करून द्या.

सुतारकाकांच्या कंठाला पुन्हा पाण्याची चव लाभो. काकूंच्या हातांना शांती लाभो, सिस्टरांना त्यांचे हसू परत मिळो, आणि दूर असलेल्या लेकीचे मन निश्चिंत असो. माझ्या मुखातून ओरडणाऱ्या त्या अनोळखी माणसांच्या घरी कोणी आजारी असेल, तर त्यांच्या उशाशीही निवांतपणा नांदो.