लवू पेंटरची गन

"ही नको. घोडा घट्ट आहे."

लवूने हातातली गन काउंटरवर ठेवली आणि लगेच दुसरी उचलली. तिचा कप काढला, नोझल उजेडाकडे धरून आरपार बघितलं, एक फुंकर मारली, पुन्हा बघितलं आणि तीही ठेवून दिली. कुर्ल्याच्या जुन्या बाजारात काशीरामचं हत्यारांचं दुकान होतं. गाडीला रंग मारायची स्वस्तातली गन हवी असली की अंधेरी-मरोळचे गॅरेजवाले त्याच्याकडेच यायचे. लवूही गॅरेजच्या कामासाठी इथे कितीदा तरी येऊन गेला होता. तेव्हा पैसे शेटचे असायचे आणि लवू आला तसा गन घेऊन बाहेर पडायचा. आज स्वतःची घ्यायची होती, तर दुपार व्हायला आली तरी त्याचं मन एकीवर ठरत नव्हतं.

"पेंटर, अर्धं दुकान खाली काढलंस माझं," काशीराम म्हणाला. "गन घेतोयस की पोरीसाठी स्थळ बघतोयस, यार?"

लवू हसला नाही. तो दुकानाबाहेर गेला, रस्त्याकडे उगाच बघून आला आणि मघाशी नाकारलेली पहिली गन पुन्हा उचलून घोडा दाबू लागला. त्याची बायको मालन दाराशी उपड्या डब्यावर बसून हे सगळं सकाळपासून बघत होती.

"अवो, किती बघतल्यात? माका तर सगळे सारखेच दिसतत," ती म्हणाली.

"तुका काय कळता त्यातला? गप ऱ्हव."

खरं म्हणजे गन कोणाच्या हातासाठी घ्यायची, हे घरून निघतानाच ठरलं होतं. मालन रंग मारणार आणि लवू नुसतं सांगणार. लवूने त्याला होकारही दिला होता. पण तो होकार वाद मिटवण्यापुरता होता, हे त्याचं त्याला ठाऊक होतं आणि मालनला संशय होता.

अंधेरीच्या एका गॅरेजमध्ये लवूने जवानी घालवली. मालवणहून आला तेव्हा गाड्या पुसायचा. मग हळूहळू पत्रा घासायला, पुट्टी भरायला आणि शेवटी गन धरायला शिकला. गिऱ्हाईक गाडी सोडताना बजावून जायचं, की रंग लवूच मारील. तोंडाला रुमाल बांधून तो दिवसभर त्या धुक्यात उभा असायचा आणि संध्याकाळी शेट प्रत्येक पेंटरच्या हातावर गुळाचा खडा ठेवायचा. गूळ खाल्ला की छातीत गेलेला रंग धुऊन निघतो, असं सगळं गॅरेज मानायचं. लवू तर असा पक्का, की एखादे दिवशी जेवण चुकलं तरी चालेल, पण गूळ चुकवायचा नाही.

मग खोकला लागला तो हटेना. दवाखान्यातल्या डॉक्टरने छातीचा फोटो उजेडासमोर धरून बराच वेळ पाहिला. लवूने मोठ्या भरवशाने गुळाचं सांगितलं.

"अहो, गूळ पोटात जातो. रंग फुप्फुसात गेलाय," डॉक्टर म्हणाले. "पुन्हा ती गन हातात धरलीत तर वर्षभर तरी जगाल की नाही, मला सांगता येणार नाही."

शेटने हिशेब चुकता केला आणि वर एक गुळाची अख्खी ढेप दिली. माणूस वाईट नव्हता. मालनने मात्र ती ढेप घरात घेतली नाही.

त्यानंतर लवूचा घरात पाय ठरेना. मरोळच्या त्यांच्या चाळीपासून नाक्यापर्यंत जायचा, परत यायचा, उभ्या असलेल्या गाड्यांच्या दारांवरून बोटं फिरवत कुठे पोचा आहे ते बघायचा. एका गाडीवाल्याने तर चोर समजून त्याचा हात धरला. त्या दिवशी मालननेच विषय काढला. चाळीच्या कडेला चंद्रप्रकाशचं पंक्चरचं दुकान होतं, त्याच्याकडे हवेचा कॉम्प्रेसर होता. वर्सोव्याच्या रामनाथ कोळ्याला आपला मासळीचा टेम्पो रंगवायचा होता, पण गॅरेजचा भाव परवडत नव्हता. टेम्पो चाळीच्या अंगणात लावायचा, हवा चंद्रप्रकाशची घ्यायची. "तुमी सांगा, मी मारतंय," मालन म्हणाली. लवू आधी हसला. बाईमाणूस गाडीला गनने रंग मारतंय, असं अख्ख्या अंधेरीत कुणी पाहिलं नव्हतं.

पण रामनाथने टेम्पो आणून उभा केला आणि मालनने पदर खोचून तो घासायला घेतला. खाऱ्या पाण्याने खाल्लेला पत्रा ती पाणी मारून कागदाने घासत राहिली. बोटांची सालं निघाली तेव्हा चिंध्या बांधल्या. आता टेम्पो अंगणात उघडावाघडा उभा होता, पत्र्यावर पुन्हा तांबूस झाक धरू लागली होती आणि रामनाथ रोज येऊन विचारत होता, "मारणार कधी रे?"

काशीरामने वरच्या फळीवरून आणखी एक गन काढली. परदेशी, मोठ्या कपाची, वापरलेली, पण अंगावर कुठे ओरखडा नाही. लवूने ती हातात घेतली मात्र, त्याचा चेहराच बदलला. गॅरेजमधली त्याची गन अशीच होती. मूठ पंजात बरोबर बसली.

"हीच," तो म्हणाला.

मालन उठून आली. तिने गन उचलून बघितली तर मनगट खाली गेलं.

"जड आसा."

"सवय होतली."

"कोणाक?"

लवू घाईघाईने कप पुसू लागला.

"कॉम्प्रेसर कुठला आहे तुझा?" काशीरामने विचारलं.

"पंक्चरवाल्याचा."

"मग वाट लागली. ही हवा खूप खाते, पेंटर. त्याच्यावर ही ओढायची नाही."

"चालवून दाखव. मग बघू."

दुकानामागच्या बोळात काशीरामचा स्वतःचा कॉम्प्रेसर होता, मोठा. तिथे तारेला एक जुनं मडगार्ड टांगलेलं होतं. काशीरामने कपात थोडा निळा रंग ओतला, थिनर घातलं आणि नळी जोडली. मालन काही बोलायच्या आत लवू गन घेऊन मडगार्डसमोर उभा राहिला. रुमाल बांधायचंही त्याला सुचलं नाही.

पहिला पट्टा त्याने मारला तो बघण्यासारखा होता. हात एका रेषेत गेला, मनगट जराही वळलं नाही, कडेला पोचताच बोट सुटलं. परत येताना अर्धा पट्टा आधीच्या पट्ट्यावर चढवला. पत्रा निळा होत गेला, कुठे डाग नाही, ओघळ नाही. काशीरामही बघत राहिला. लवूला वाटलं, डॉक्टर काहीही बोलतो, आपल्याला काही झालेलं नाही. त्याला फार फार बरं वाटलं.

चौथ्या पट्ट्याला छातीने दगा दिला. खोकला आला तो आत ओढून घ्यायला श्वासच उरला नाही. लवू खाली बसला, पण बोट घोड्यावरच अडकलं होतं, आणि रंगाचा लोट मडगार्डवरून भिंतीवर आणि भिंतीवरून काशीरामच्या लेंग्यावर गेला. काशीराम ओरडत मागे सरकला. मालनने पुढे होऊन आधी नवऱ्याच्या हातातली गन सोडवून घेतली, मग त्याला दंडाला धरून बोळाच्या तोंडाशी, मोकळ्या हवेत आणून बसवलं. त्याची पाठ चोळली, पाणी पाजलं. त्याचे डोळे पाण्याने भरले होते.

"डाक्टरान काय सांगल्यान ता इसारल्यात?" तिने हळूच विचारलं. "माका इधवा करून तुमका टेम्पो रंगवचो आसा?"

मालनने पदर नाकातोंडाभोवती घट्ट गुंडाळला आणि ती सरळ परत गेली. तिने ती मोठी गन दोन्ही हातांनी उचलली आणि घोडा दाबला. रंग एका जागी भसकन पडला आणि मडगार्डवरून ओघळत खाली आला. काशीराम खो खो हसला.

"वैनी, हे काय होळी खेळणं नाही!"

"हसतोस काय रे?" लवू बसल्या जागेवरून खेकसला. "तू पहिल्यांदा गन धरलीस तेव्हा काय दिवे लावले होतेस?" मग मालनला म्हणाला, "लांब धर. एक वीत. मनगट वळवू नको, अख्खो हात ने. घर सारवतंस ना, तसो. पयल्या हातावर दुसरो हात."

मालनने पुन्हा मारला. पुन्हा ओघळ आला, पण आधीपेक्षा कमी. तिसऱ्या वेळी तिचे दंड भरून आले आणि गन खाली झुकली. लवू ते बघत होता. मडगार्डपेक्षा त्याचं लक्ष तिच्या मनगटावर होतं. मघाशी त्याला भावलेली ती मोठी गन त्या मनगटावर नुसतं ओझं झाली होती.

"काशीराम," तो म्हणाला, "लहान काढ. पंखे आणि शिलाई मशीन रंगवतात ती. देशी."

"अरे, मघाशी तिला तू हातसुद्धा लावला नव्हतास!"

"आता लावतो. काढ."

त्या बुटक्या गनचा कप निम्म्याने लहान होता आणि मूठ बारीक. लवूने ती पूर्ण खोलली. सुई सरळ आहे का पाहिली, चामड्याचा वायसर दाबून पाहिला, स्प्रिंग बदलायला लावली. मग ती मालनच्या हातात दिली आणि तिची दोन बोटं स्वतःच्या बोटांनी घोड्यावर ठेवली. बोटं पोचत होती. त्याने घोड्याचा स्क्रू जरा सैल केला, पुन्हा दाबून बघायला सांगितलं, आणखी जरा सैल केला. सकाळपासून एका जागी न ठरलेला माणूस आता काउंटरशी अगदी स्थिर उभा होता. भाव मात्र मालनने केला, आणि चांगला घासून केला.

बसमध्ये गन कागदात गुंडाळून मालनच्या मांडीवर होती. लवूला तिचा राग येत होता आणि तिच्याशिवाय आपलं कसं होईल या विचाराने रडूही येत होतं.

"तुमी सांगल्याबिगर माका काय्येक येवचा नाय," साकीनाका आल्यावर मालन म्हणाली.

"माझा काम गेला गो," तो म्हणाला. इतक्या दिवसांत हे त्याने पहिल्यांदाच तोंडाने म्हटलं. मालनने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि उतरेपर्यंत काढला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चंद्रप्रकाशच्या दुकानातून अंगणापर्यंत नळी ओढली. लवूने रंग स्वतः, नाकाला फडकं लावून, लांब हाताने कालवला आणि काठीवरून थेंब पडू देऊन तो किती पातळ झाला ते मालनला दाखवलं. मग मालनने त्याला हुकूम सोडला, की वारा येतो त्या बाजूला जाऊन उभे राहा, थेट कॉम्प्रेसरपाशी. तिथून पुढे यायचं नाही. चाळीतल्या बायका गॅलरीत जमल्या होत्या, रामनाथ कमरेवर हात देऊन उभा होता. मालनने लवूचा जुना रुमाल तोंडाला बांधला.

कॉम्प्रेसर धडधडू लागला. तेवढ्या लांबून लवूला टेम्पोची एक बाजू आणि मालनची पाठ दिसत होती. पहिल्याच पट्ट्याला तिचं मनगट वळलं.

"सरळ! सरळ ने!" तो ओरडला, पण त्या धडधडीत त्याचा आवाज दोन पावलंही गेला नाही. तो एक पाऊल पुढे झाला. मग थांबला आणि मागे आला.

"हवा ठीक है ना, पेंटरभाई?" चंद्रप्रकाशने विचारलं.

लवूचा उजवा हात छातीपर्यंत वर आला होता, मूठ अर्धी मिटलेली, दोन बोटं वाकलेली. मालनचा हात टेम्पोच्या पुढच्या टोकाकडून निघाला तसा त्याचाही निघाला. मनगट न वळता, एका उंचीवरून, रिकाम्या हवेतून तो सावकाश सरकत गेला. चंद्रप्रकाशने ते पाहिलं आणि तो पाठ फिरवून ट्यूब शोधू लागला.

टेम्पोची कड आली तिथे लवूने बोटं सोडली. मालनने जरा उशिरा सोडली.