भर मिरवणुकीत मी आखूड झालो

या मित्रांनो, जरा जवळ सरकून बसा. देवाचं नाव घेऊन तुम्हाला एक गोड गोष्ट सांगतो.

मी एक जुना स्कर्ट आहे, निळ्या जाड लोकरीचा. इंग्लंडातल्या ओल्डहॅम गावी केझाया ऑग्डेनबाईंनी मला आपल्या लेकीसाठी, अ‍ॅनिससाठी, शिवलं. तेव्हा मी अक्षरशः रस्ता झाडत चालायचो! बायका एका हाताने घेर उचलून धरत आणि मगच पाऊल टाकत. प्रार्थनेला गेलो की सगळे माझं कौतुक करत, अन् मी फुगून जाई.

मग पहिलं महायुद्ध आलं. पुरुष लढायला गेले आणि ट्राममध्ये तिकिटं द्यायला बायका उभ्या राहिल्या. अ‍ॅनिसही त्या कामाला लागली. पण ट्रामचा जिना चढताना मी तिच्या पायांत येई. ती दोनदा आपटली. साहेबांनी बजावलं, "पोरी, सोमवारी आखूड स्कर्ट घालून ये, नाहीतर येऊच नकोस."

आई काही ऐकेना. "घोटे दाखवत फिरणार? मी तोंड कुठे लपवू?"

"आई, घोटेच आहेत गं! देवानेच दिलेत."

"झाकायला दिलेत!"

शुक्रवारी व्हिटच्या, म्हणजे ईस्टरनंतर सात आठवड्यांनी येणाऱ्या सणाची मिरवणूक निघाली. भलंमोठं रेशमी निशाण दरवर्षी पुरुष उचलत. यंदा एक काठी आईने धरली, दुसरी अ‍ॅनिसने. भजनं रंगात आली, वारा सुटला आणि सवयीने आईचा एक हात स्वतःच्या घेराकडे गेला. निशाण कलंडलं ते थेट पाद्रीबाबांच्या टोपीवर!

दारात बसलेली म्हातारी मार्था ओरडली, "अगं केझाया, निशाण धर की घेर धर! दोन्ही नाही जमायचं!"

सगळा रस्ता हसला. आई लालबुंद झाली. मग स्वतःच खो खो हसत म्हणाली, "मार्थाबाई, कात्री आण!"

तिने आधी स्वतःचा काठ कापला. मग लेकीपुढे गुडघे टेकून माझा. खरं सांगतो, मला रडू आलं. पण भजन पुन्हा सुरू झालं, चिखल खालीच राहिला आणि मी पहिल्यांदाच वाऱ्यावर झुललो! सोमवारी अ‍ॅनिस ट्रामचा जिना धावत चढली.

आता मी पेटीत असतो. मित्रांनो, जुने कपडे टाकण्याआधी त्यांच्यावरून एकदा हात फिरवा. लोक सांगतात, स्कर्ट आखूड केले ते पॅरिसच्या नामांकित शिंप्यांनी. केले असतील बापडे. तुम्ही मात्र भर रस्त्यात गुडघे टेकून बसलेल्या केझायाबाईंची आठवण ठेवा.