सोडायचा चेंडू

न्युआला हेनेगनची उंची पाच फूट दोन इंच, आणि तेवढ्या उंचीवर तिने किलब्राक गावच्या बायकांच्या संघाचा गोल सतरा वर्षं राखला होता. गेलिक फुटबॉलमध्ये चेंडू आडव्या दांडीवरून गेला की एक गुण, दांडीखालून जाळ्यात गेला की तीन. उडी मारूनही न्युआलाची बोटं त्या दांडीला जेमतेम लागत. शेजारच्या गावची माणसं ओरडायची, "अरे, गोलात कुणी उभं केलंय की बटाट्याचं पोतं ठेवलंय?" पण तिने मारलेली किक चाळीस पावलांवरच्या बाईच्या नेमकी छातीशी जाऊन पडे, आणि तिचा आवाज मैदानाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाई. तिथेच सगळे गप्प व्हायचे.

मे महिन्यात संघात क्लीओना लावेल आली. एकोणीस वर्षांची, सहा फुटांना एखादं बोट कमी. कॉलेजात बास्केटबॉल खेळलेली, पंजे केवढाले. संघाचा कारभार पाहणारा फेलिम मॅनियन गावात टपाल वाटायचा. तो दोघींना म्हणाला, "रविवारच्या सामन्याला गोलकीपरची एक नंबरची जर्सी कुणाला, ते गुरुवारच्या सरावात ठरवेन. कुणी रुसायचं नाही."

न्युआला रुसली नाही, पण आठवडाभर तिचं कशात लक्ष लागेना. घर होतं, शाळेची बस चालवायची नोकरी होती, खाटकाचं दुकान चालवणारा नवरा, कोरमॅक, होता. तरी ती जर्सी गेली तर आपण नेमकं कोण, हे तिला सांगता आलं नसतं. कोरमॅक म्हणाला, "एकदा तुझ्या गुडघ्यांनाही विचार की."

"गुडघ्यांना काय कळतंय!" ती म्हणाली.

गुरुवारी संध्याकाळी आठ वाजले तरी समुद्रावर ऊन होतं. आपसांतलाच सामना. पहिल्या अर्ध्यात क्लीओना समुद्राकडच्या गोलात, दुसऱ्या अर्ध्यात न्युआला. रिकामी असेल तिने गोलाच्या खांबाशी अंपायर म्हणून उभं राहायचं. न्युआलाने कोरमॅकचा दुकानातला पांढरा कोट चढवला. तो तिच्या घोट्यापर्यंत आला. तीन गुणांसाठी हिरवं निशाण, एकासाठी पांढरं. दोन्ही हातात घेऊन ती उभी राहिली.

डोंगराकडून वारा सुटला होता. समुद्राकडच्या टोकाची एक खोड होती. वारा गोलामागच्या बांधावर आपटून वर चढायचा, आणि तोकडा पडणार असं वाटणारा चेंडू शेवटच्या दोन-तीन हातांत उचलला जाऊन दांडीवरून निघून जायचा. त्याला हात लावायचा नाही, जाऊ द्यायचा, गेला तर एकच गुण जातो. हे शिकायला न्युआलाला तीन वर्षं लागली होती, आणि त्यापायी तिने शिव्याही भरपूर खाल्ल्या होत्या.

समोरच्या बाजूने खेळणाऱ्या ब्रोनाने लांबून उंच चेंडू मारला. तो दांडीखाली उतरणार असंच दिसत होतं. क्लीओना दोन पावलं मागे सरली. 'सोड' हा शब्द न्युआलाच्या जिभेवर आला, आणि तिने तो गिळला. क्लीओनाने झेप घेतली. ऐन वेळी चेंडू उचलला गेला, तिच्या बोटांच्या टोकांना लागून मागे वळला आणि जाळ्यात पडला.

न्युआलाने हिरवं निशाण हलवलं.

"हातात होता गं माझ्या!" क्लीओना स्वतःच्याच पंज्यांकडे बघत म्हणाली.

"होतं असं," न्युआला म्हणाली. तिला स्वतःची लाज वाटली.

दहाएक मिनिटांनी तसाच चेंडू पुन्हा आला. क्लीओनाचे पाय मागे सरताना दिसले आणि न्युआलाच्या तोंडून निघूनच गेलं, "सोड! जाऊ दे वर!" क्लीओनाचे हात खाली आले. चेंडू दांडीवरून बांधापलीकडे गेला. पांढरं निशाण.

दुसऱ्या अर्ध्यात न्युआला नेहमीसारखी खेळली. चूक म्हणून झाली नाही.

कपडे बदलायच्या खोलीत फेलिमने जर्स्यांची पिशवी उघडली. "एक नंबर, न्युआला. पोरगी गुणी आहे, पण उंच चेंडूखाली बावचळते."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. क्लीओनानेही वाजवल्या, अगदी मनापासून. तेच न्युआलाला सोसवेना.

"ती बावचळली नाही, फेलिम," ती म्हणाली. "त्या टोकाला वारा काय करतो हे तिला ठाऊक नव्हतं. मला होतं. पहिल्या चेंडूला मी मुद्दाम गप्प बसले."

फेलिमने टोपी काढून डोकं खाजवलं. "मग आता?"

"मग काय? वाऱ्याचं मी हिला शिकवीन. उंची मला कोण शिकवणार आहे?" तिने घडी केलेली जर्सी क्लीओनाच्या मांडीवर ठेवली आणि पिशवीतून बदली गोलकीपरची सोळा नंबरची काढून घेतली.

क्लीओनाचा चेहरा लाल झाला होता. "का नाही बोललीस तेव्हा?"

"जर्सी हवी होती म्हणून."

क्लीओनाने मांडीवरची जर्सी उचलली. "उद्या सकाळी सातला ये. तू माझ्या गोलावर शंभर उंच चेंडू मारायचे. उशीर केलास तर बघ."

न्युआला पावणेसातलाच जाऊन उभी राहिली. शुक्रवारी शंभर झाले, शनिवारी आणखी शंभर.

रविवारी शेवटच्या मिनिटाला किलब्राक दोन गुणांनी पुढे होतं. क्लीओना समुद्राकडच्या गोलात होती, वारा डोंगराकडून. पाहुण्यांनी लांबून उंच चेंडू टाकला. तीन गुण गेले असते तर सामनाच गेला असता. न्युआला मैदानाच्या मध्यावर बाकावर बसली होती, आणि एवढ्या गोंगाटात तिचा आवाजही तिथवर पोचला नसता. चेंडू दांडीखाली उतरणार असं दिसत होतं. क्लीओना मागे सरली. तिचे हात खांद्यांपर्यंत वर आले, तिथे थांबले, आणि खाली गेले.

चेंडू दांडीवरून गेला. पांढरं निशाण हललं. पाहुण्यांनी जल्लोष केला; आघाडी एकाच गुणाची उरली, म्हणून किलब्राकच्या बाकावर सगळ्यांनी माना खाली घातल्या. एकटी न्युआला उभी राहून टाळ्या वाजवत होती.

बाकावर शेजारी बसलेली ब्रीज तिची बाही ओढू लागली. "अगं बाई, गुण त्यांना मिळाला!"

"माहितीये मला," न्युआला म्हणाली, आणि टाळ्या वाजवतच राहिली.